निरोप मिळाला आहे

भुंगीने ते जुनं खातं उघडलं ते फक्त एका चित्रासाठी.

शेवटच्या सहामाहीचा शेवटचा निबंध द्यायचा होता. विषयाचं नाव भारदस्त होतं, 'वेब तंत्रज्ञान आणि डिजिटल संवाद', आणि त्यावर स्वतःच्या अनुभवातून दीड हजार शब्द लिहायचे होते. मॅडमनी वर्गात आधीच बजावलं होतं, "तंत्रज्ञानामुळे जग जवळ आलं, हे वाक्य ज्याच्या निबंधात दिसेल त्याचा निबंध मी तिथेच मिटेन." सगळा वर्ग हसला. भुंगी जरा कमी हसली, कारण तिच्या कच्च्या मसुद्याची सुरुवात नेमकी त्याच वाक्याने झाली होती.

भुंगी हे तिचं घरातलं नाव. कामात गढली की ती नाकातल्या नाकात गुणगुणायची, म्हणून ते पडलं आणि चिकटलं ते कायमचं.

निबंधात काय लिहायचं हे तिचं ठरलेलं होतं. मागच्या वर्षी तिने पायवाल्या काकांसाठी वेबसाइट केली होती आणि तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. पायवाले काका म्हणजे कृत्रिम पाय तयार करणारे. दोन खोल्यांचा त्यांचा कारखाना. पुढच्या खोलीत मापं घ्यायची आणि चालायचा सराव करायचा, मागच्या खोलीत प्लास्टर, साचे, कानशी आणि एक कुरकुरणारी भट्टी. भुंगीची आई त्या पायांचे पट्टे शिवून द्यायची. त्यामुळे भुंगीचं लहानपण भिंतीला ओळीने टेकवलेल्या पायांच्या सोबतीनेच गेलं होतं. इतर मुली घरघर खेळायच्या, ही पायांना रांगेत उभं करून त्यांची हजेरी घ्यायची.

काकांना वेबसाइट नकोच होती. "माझ्याकडे येणारा माणूस आधीच एका पायावर येतो," ते म्हणाले, "त्याला आणखी कुठून कुठून यायला लावतेस?" पण काकूंनी हट्ट धरला. काकू म्हणजे त्यांची बायको आणि कारखान्याचा अर्धा कारभार. लांबून माणसं यायची, नेमकी त्या दिवशी भट्टी बंद असायची, आणि बिचारी कुबड्या टेकत परत जायची. हे काकूंना बघवत नव्हतं. फोन नंबर द्यायला मात्र काकांनी साफ नकार दिला. हात प्लास्टरमध्ये बुडालेले असताना फोन वाजला की माप चुकतं, असं त्यांचं म्हणणं.

मग भुंगीने मध्यम मार्ग काढला. वेबसाइटवर एक फॉर्म ठेवला. नाव, नंबर, राहण्याचं ठिकाण, काय हवं ते लिहायचं आणि बटण दाबायचं. दाबलं की हिरव्या चौकटीत अक्षरं उमटायची: 'तुमचा निरोप मिळाला आहे. दोन दिवसांत आम्ही तुमच्याशी बोलू.' खाली काकांचं नाव. ते वाक्य भुंगीने एका दमात लिहिलं होतं आणि तिला ते आवडलंही होतं. त्यात आपलेपणा होता.

तर निबंधात एक चित्र टाकायचं तिच्या मनात होतं. फॉर्ममधून आलेला निरोप मेलमध्ये कसा दिसतो त्याचं. वेबसाइट तयार करताना तपासणीसाठी म्हणून तिने स्वतःच एक तात्पुरतं मेल खातं काढलं होतं. त्यात दोन-तीन खोटे निरोप असतील, त्यातल्या एकाचं चित्र घेऊ, असा विचार करून ती दुपारी कॉलेजच्या संगणक खोलीत बसली. पासवर्ड तिसऱ्या खेपेला आठवला. खातं उघडलं.

आलेले निरोप: चव्वेचाळीस.

तिला वाटलं, जाहिराती असतील. तिने सगळ्यात खालचा उघडला. 'अबक अबक.' हा तिचाच. त्यावरचा, 'काका, चाचणी, एक दोन तीन.' हाही तिचाच. तिसरा होता मॅडमचा. प्रकल्प तपासताना त्यांनी फॉर्म भरून पाहिला होता. एकच शब्द लिहिला होता, 'चाचणी.' हिरवी चौकट उमटली आणि मॅडमनी समाधानाने वहीत खूण केली होती, हे भुंगीला चांगलं आठवत होतं.

चौथा निरोप कोणा अनोळखी माणसाचा होता. 'उजवा पाय, गुडघ्याखाली. कधी येऊ ते कळवा.'

काय झालंय हे भुंगीला एका क्षणात कळलं. समजायला अवघड असं त्यात काही नव्हतंच. फॉर्म भरला की निरोप या तात्पुरत्या खात्यावर येईल, अशी तिने तपासणीपुरती सोय केली होती. काम संपलं की तिथे काकूंचा पत्ता घालायचा होता. एक ओळ बदलायची होती. तेवढी एक ओळ परीक्षेच्या धांदलीत राहून गेली. गेले चौदा महिने माणसं काकांना लिहीत होती, आणि लिहिलेलं सगळं या कुलूपबंद पेटीत येऊन पडत होतं. वर प्रत्येकाला हिरव्या चौकटीत सांगितलं जात होतं की निरोप मिळाला आहे.

तिने एकेक वाचायला घेतला. एकेचाळीस निरोप, माणसं तेहतीस. काहींनी दोनदा लिहिलं होतं. कुणी मोजकं लिहिलं होतं, कुणी अपघाताची अख्खी हकिगत. 'पट्ट्याचं बकल तुटलंय, घाई नाही, सावकाश कळवा,' असं एकाने लिहिलं होतं आणि चार महिन्यांनी पुन्हा, 'आता थोडी घाई आहे.' एका सुनेने सासऱ्यांसाठी लिहिलं होतं: 'वय बहात्तर. ते म्हणतात, दारापर्यंत चालता आलं तरी पुरे.' आणि एका आईचे तीन निरोप होते. पहिल्यात लिहिलं होतं की मुलीचा पाय तुम्हीच केला होता, आता तो आखूड पडतोय. दुसऱ्यात, त्या पायाने तिला जखमा होताहेत. तिसरा एवढाच: 'करायचं नसेल तर नाही म्हणा. पण काहीतरी कळवा.'

शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने विचारलं, "काय गं, आज गुणगुणत नाहीस?"

"डोकं दुखतंय," भुंगी म्हणाली.

खोटं कशाला बोलायचं, त्या घटकेला तिच्या मनात नको ते आलं. या खात्याबद्दल जगात फक्त तिला ठाऊक होतं. काका तर केव्हाच म्हणून मोकळे झाले होते, "तुझ्या वेबवरून कुणी आलं नाही बघ, पण मनाला लावून घेऊ नकोस. माझ्याकडे काम काय कमी आहे?" तिने सगळे निरोप निवडले. काढून टाकण्याच्या खुणेवर माउसचा बाण नेला. 'नक्की काढायचे?' असं पडद्यावर आलं. ती त्या प्रश्नाकडे बराच वेळ बघत राहिली. मग ती खात्यातून बाहेर पडली, आणि त्यातला एकही निरोप न काढता घरी गेली.

आई मशीनवर बसली होती. भुंगीने दप्तर ठेवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. बसली असती तर कदाचित सांगितलं गेलं नसतं. आईने मशीनचं चाक हाताने थांबवलं, दोरा तोडला, आणि पट्ट्याची शिवण अंगठ्याने चाचपून पाहिली.

"उद्या मला हे पट्टे द्यायला जायचंय," शेवटी ती म्हणाली. "तू चल बरोबर."

"तू सांगशील त्यांना?"

"मी पट्टे देईन," आई म्हणाली. "तुझं तू सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी भुंगीने एकेचाळीस निरोप कागदावर छापून नेले. काका मागच्या खोलीत साच्यावर कानस मारत होते. बारीक पांढरी भुकटी त्यांच्या भुवयांवर बसली होती. "या, वेबवाल्या बाई," ते म्हणाले. रोजच्यासारखंच. आईने पट्टे टेबलावर ठेवले आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्याकडून काही मदत होणार नाही, हे भुंगीला तिच्या उभं राहण्यावरूनच कळलं.

तिने सांगितलं. मध्ये एकदा 'सर्व्हर' हा शब्द वापरला आणि आईने तिच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा तो मागे घेऊन 'मी विसरले' असं म्हटलं.

काकांनी हात पुसले. चष्मा लावला. कागद वाचायला घेतले. ते सावकाश वाचायचे, ओठ हलवत. काकू पुढच्या खोलीतून आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून वाचू लागल्या. चौथ्या-पाचव्या कागदाला काकू बोलल्याच, "अगं बाई, काय करून ठेवलंस हे पोरी! माणसं म्हणजे काय तुझ्या परीक्षेतले प्रश्न होते का, की गुण मिळाले, झालं?"

भुंगी खाली मान घालून उभी राहिली. काकांनी त्या आईचे तीन निरोप एकाखाली एक ठेवले आणि ते म्हणाले, "ही तर आपली खारुताई."

काकूंनी वाकून नाव पाहिलं. दोन-अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. सहा वर्षांची मुलगी, मापं घेताना जी सारखी बाकावर चढून बसायची. काकांनीच तिला खारुताई नाव ठेवलं होतं.

"वाढत्या अंगाचं पोर," काका म्हणाले. "वर्षाला पाय बदलायला हवा. मला वाटलं, दुसरीकडे गेली असतील." मग त्यांनी भुंगीला विचारलं, "निरोप मिळाला आहे, दोन दिवसांत बोलू. हे कुणी लिहिलं होतं?"

"मी."

"आणि खाली नाव कुणाचं?"

"तुमचं."

"म्हणजे तेहतीस घरांत मी शब्द देऊन फिरलो." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं भुंगीला वाटलं. "हे बघ, ते वाक्य नसतं ना, तर ही माणसं आली असती. चौकशी केली असती, दार वाजवलं असतं. निरोप मिळाला म्हटल्यावर माणूस थांबतो. आणि थांबून थांबून त्याला वाटतं, आपण यांना नकोय."

"मी सगळ्यांना आजच मेल पाठवते, काका. माफीचं पत्र लिहिते, छान…"

"मेल नाही. फोन. तू करायचा, इथे, माझ्यासमोर बसून. आणि 'तांत्रिक अडचण' म्हणायचं नाही. 'चूक झाली' म्हणायचं. ज्याला पाय नाही त्याला अडचण म्हणजे काय हे तू नको सांगूस."

पुढचे तीन दिवस भुंगी सकाळी कारखान्यात बसली. समोर कागदांची चळत, हातात काकूंचा फोन, आवाज मोठा केलेला. काका मागच्या खोलीचं दार उघडं ठेवून काम करायचे आणि प्रत्येक फोनला त्यांची कानस थांबायची.

पहिल्याच माणसाने दुसरीकडे पाय करून घेतला होता. "चौदा महिन्यांनी जाग आली का?" तो हसत म्हणाला, "बरं, केलात फोन. पुढच्या वेळी बघू." भुंगीला वाटलं, इतकं काही अवघड नाही. दुसऱ्या फोनला त्या समजुतीवर पाणी पडलं. त्या बाईने तिला बोलूच दिलं नाही. जे मनात साठलं होतं ते सगळं ओतलं, आणि शेवटी "माझा नंबर खोडून टाका" म्हणून फोन आपटला. तिसऱ्याने विचारलं, "कोण पायवाले?" तो विसरूनही गेला होता. बकल तुटलेल्या माणसाने सांगितलं की त्याने दोरी बांधून काम चालवलंय, आणि उद्याच येतो. काही नंबर लागलेच नाहीत. एकाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाळ, तुझं वय किती?" तिने सांगितलं. "मग ठीक आहे," तो म्हणाला. का ठीक आहे, हे त्याने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेला फोन लागला. त्या सासऱ्यांच्या सुनेला.

"सासरे गेले," ती म्हणाली. "थंडीत गेले."

भुंगी म्हणाली, "माझी चूक झाली. तुमचा निरोप आमच्यापर्यंत…"

"मी त्यांना विचारलं होतं, पुन्हा लिहू का म्हणून," सून सांगत राहिली, जणू तिने भुंगीचं ऐकलंच नव्हतं. "रोज सकाळी चहा घेताना विचारायचे, आलं का गं उत्तर? मी म्हटलं, परत पाठवते. तर म्हणाले, नको. मिळाला म्हणून लिहिलंय ना त्यांनी? कामात असतील. घाई केली तर माणूस चिडतो."

भुंगीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. काका केव्हा येऊन मागे उभे राहिले होते ते तिला कळलं नव्हतं. त्यांनी फोन घेतला.

"बाई, मी पायवाला बोलतोय. तुमच्या सासऱ्यांना उत्तर द्यायचं माझ्याकडून राहिलं. फार वाईट झालं."

सून म्हणाली, "एक विचारू का? त्या वयात त्यांचा पाय झाला असता? दारापर्यंत चालले असते ते?"

काकू काकांकडे एकटक बघत होत्या आणि हळूच मान हलवत होत्या, नाही म्हणा, नाही म्हणा.

"तुम्ही जे लिहिलंय त्यावरून," काका म्हणाले, "झाला असता."

"बरं," सून म्हणाली. "बरं." आणि फोन ठेवला.

काकूंचा पारा चढला. "नसता झाला म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं तुमचं? जन्मभर सलत राहील आता तिला. वय झालं होतं, नसता झाला, एवढं बोलायला जीभ झिजली असती?"

"माझ्या नावाने तिला एकदा खोटं सांगून झालंय," काका म्हणाले. ते मागच्या खोलीत गेले, पण त्या दिवशी पुन्हा कानशीचा आवाज आला नाही.

भुंगी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पायरीवर बसून राहिली. दोन वर्षं ती शिकत होती की निरोप एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे कसा जातो, वाटेत त्याचे तुकडे कसे होतात आणि पलीकडे पुन्हा कसे जुळतात, आणि पोचल्याची खूण उलट कशी येते. ते सगळं तिला तोंडपाठ होतं. तिचा फॉर्म त्या हिशेबाने एकदाही चुकला नव्हता. यंत्राने यंत्राला सांगितलं होतं, मिळालं. ते खरंच होतं. तिने फक्त त्याला माणसाचा आवाज चढवला होता, 'आम्ही' म्हटलं होतं, आणि त्या 'आम्ही'च्या मागे कुणीच बसलेलं नव्हतं. सासरे रोज सकाळी त्या 'आम्ही'ची बाजू घेत होते. कामात असतील म्हणत होते.

खारुताईच्या आईचा नंबर बंद होता. काकूंच्या जुन्या वहीत एक नोंद सापडली: आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. पत्ता असा नव्हताच, पण इस्पितळ तेवढं एकच होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी काकांनी मापाची पट्टी आणि पेन्सिल पिशवीत टाकली आणि भुंगीला म्हणाले, "चल."

धुलाईघर इस्पितळाच्या मागच्या अंगाला, अर्धं जमिनीखाली होतं. दारातच गरम ओलसर वाफेचा लोट अंगावर आला. चादरींचे ढीग, मोठाली फिरणारी यंत्रं, आणि त्या आवाजात एकमेकींशी ओरडून बोलणाऱ्या बायका. काकांना बघून एक बाई चादरीची घडी अर्धवट टाकून उभी राहिली. तिने पदराला हात पुसले आणि ती पुढे आली, पण हसली नाही.

"तुम्ही इकडे कसे?"

"तुमचे तीन निरोप मला परवा मिळाले," काका म्हणाले.

"परवा?"

"परवा."

ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही मनात धरलंत. मागच्या वेळी पायाचा रंग जुळला नाही म्हणून मी वाट्टेल ते बोलले होते तुम्हाला. मी म्हटलं, बरोबर आहे, कोण आपलं काम करेल परत. तिला पण तेच सांगितलं, की माझ्या जिभेमुळे झालं."

"अहो, तो रंग खरंच जुळला नव्हता," काका म्हणाले.

खारुताई शाळा सुटली की धुलाईघरातच येऊन बसायची. चादरींच्या गाठोड्यावर बसून ती काहीतरी खरडत होती. आता आठ-साडेआठ वर्षांची, उंच झालेली. जुना पाय कोपऱ्यात उभा होता. त्याच्या तळव्याला आईने चपलांचे तीन तळ एकावर एक चिकटवून उंची वाढवली होती. भुंगी त्या पायाकडे बघत राहिली. तळ नीट कापलेले होते, कडा घासून गोल केल्या होत्या. कुणीतरी खूप विचार करून केलेलं काम होतं ते. पण वरची खोबण लहान पडत होती आणि कातडी सोलवटत होती. त्यावर चपलांचा काय उपाय असणार? शेवटी तो पाय सुटला आणि कुबड्या आल्या.

"ओळखलंस का मला?" काकांनी विचारलं.

"हो. मला पाय नकोय," खारुताई म्हणाली. "कुबड्यांवर मी सगळ्यांच्या पुढे पळते."

"दाखव बघू."

ती उठली आणि दोन यंत्रांमधल्या बोळातून सुसाट गेली आणि आली. काका बघत होते. भुंगीने लहानपणापासून त्यांची ती नजर पाहिली होती. ते पायाकडे बघत नव्हते, कमरेकडे बघत होते. कंबर एका बाजूला कलली होती.

"खरंच जोरात पळतेस," ते म्हणाले. आग्रह केला नाही, पिशवीतून पट्टीही काढली नाही. त्यांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं की पाठीच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, आणि काकूंचा नंबर तिच्या हातावर मापाच्या न पुसणाऱ्या पेन्सिलीने लिहिला, कागद तिथे कोरडा राहिलाच नसता.

"ही कोण?" खारुताईने भुंगीकडे बोट केलं.

उत्तर भुंगीने द्यावं म्हणून काका थांबले.

"तुझ्या आईचे निरोप माझ्याकडे येऊन पडले होते," भुंगी म्हणाली. "मी ते बघितलेच नाहीत. वर्षभर."

"का?"

"येत असतील असं माझ्या डोक्यातच आलं नाही."

मुलीने थोडा विचार केला. "मग हे आईला सांग ना. ती तिच्या जिभेला दोष देते."

भुंगी त्या आईसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने सांगितलं. यंत्रांच्या आवाजात दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा ओरडून. आजूबाजूच्या सगळ्या बायकांनी ऐकलं. आईने अर्धवट राहिलेली चादर उचलली, एक टोक भुंगीच्या हातात दिलं, आणि दोघींनी ती घडी पुरी केली. माफ केलं की नाही, हे भुंगीला त्यावरून कळलं नाही, आणि विचारायचा तिला धीर झाला नाही.

निबंध तिने त्या आठवड्यात पुन्हा लिहिला. पहिलं वाक्य गेलं, चित्रही गेलं. काय झालं ते तिने क्रमाने लिहिलं, आणि एका ठिकाणी असं लिहिलं: 'मी फॉर्मची चाचणी केली तेव्हा फॉर्म पाठवणारीही मीच होते आणि घेणारीही मीच. त्यात संवाद नव्हता. पलीकडे दुसरं कुणी आहे का, हे मी तपासलंच नाही.'

मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. निबंध त्यांच्यासमोर होता, पण त्यावर गुण घातलेले नव्हते.

"तिसरा निरोप माझा होता ना?" त्यांनी विचारलं.

"हो, मॅडम."

"मी चाचणी म्हणून पाठवला आणि उत्तराची वाट पाहिली नाही. हिरवी चौकट दिसली, पुढचा प्रकल्प घेतला." त्या खिडकीकडे बघत होत्या. "पंधरा वर्षं मी असेच तपासतेय." मग त्यांनी निबंध उचलून बाजूला ठेवला. "गुण देईन मी. आज नको."

वेबसाइटवरचा फॉर्म भुंगीने काढून टाकला. काकांनी शेवटी नंबर द्यायला मान्यता दिली, पण मजकूर त्यांनी स्वतः सांगितला आणि तिने जसाच्या तसा घातला: 'फोन काकू उचलतात. सकाळी दहा ते एक. उचलला नाही तर हात कामात आहेत, पुन्हा करा.' काकू म्हणाल्या, असं कुणी लिहितं का? पण फोन येऊ लागले. तेहतीसांपैकी नऊजण आले. पाचांनी यायचं म्हटलं आणि आले नाहीत. सहांचा पत्ता लागला नाही तो नाहीच. सून पुन्हा कधी बोलली नाही. बाकीच्यांचं ज्याचं त्याचं मार्गी लागलं होतं किंवा मनातून उतरलं होतं.

खारुताई दीड महिन्याने आली. डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे काढून दाखवला होता आणि आईने तिची समजूत घातली होती. पुरती पटलेली दिसत नव्हती. मापं घेताना ती बाकावर चढली नाही. पाय तयार झाला त्या दिवशी भुंगी तिथेच होती. परीक्षा संपल्यापासून ती सकाळी फोनपाशी बसायची, काकूंना थोडी उसंत म्हणून.

काकांनी पाय चढवला, भुंगीच्या आईने शिवलेले पट्टे आवळले. मुलगी दोन समांतर दांड्यांना धरून उभी राहिली. दोन पावलं टाकली आणि थांबली.

"टोचतंय."

काकांनी पाय काढला, आत नेला, घासून आणला. पुन्हा चढवला. चार पावलं.

"अजून टोचतंय."

पुन्हा काढला. खारुताईची आई संकोचून म्हणाली, "अगं, नवा आहे, थोडं टोचणारच." काकांनी हातानेच तिला थांबवलं. तिसऱ्या वेळी मुलगी दांड्यांच्या टोकापर्यंत गेली, वळली, आणि सगळे आता काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल म्हणून बघत असताना कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "इथे अजून लागतंय थोडं."

काका गुडघे मोडून तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"कुठे?" त्यांनी विचारलं. "नीट दाखव."